वाइड स्ट्रिंगांची तुलना: डब्ल्यूसीएसकंप आणि त्याच्या भावंडांचे परीक्षण

गेली काही वर्षे मी शब्दसूची सांभाळणाऱ्या एका प्रोग्रॅमची देखभाल करतो आहे. तो सी भाषेत लिहिलेला आहे, लिनक्स आणि विंडोज अशा दोन्ही प्रणालींवर चालतो, आणि त्याची कामे तीनच आहेत: दुबार शब्द काढून टाकणे, उरलेले क्रमाने लावणे आणि विचारलेला शब्द यादीत शोधून देणे. या तिन्ही कामांच्या मुळाशी दोन वाइड स्ट्रिंगांची, म्हणजे प्रत्येक घर एकाहून अधिक बाइटांचे असलेल्या अक्षरमालिकांची, तुलना आहे, आणि ती तुलना आरंभी सर्वत्र डब्ल्यूसीएसकंप या एकाच फंक्शनकडे सोपवलेली होती. आज ते फंक्शन या तिन्हींपैकी एकाच कामावर उरले आहे. बाकीची दोन कामे त्याच्याकडून का काढून घ्यावी लागली, आणि त्यांच्या जागी आलेली साधने कितपत पदरी पडली, याचा हा लेखाजोखा आहे.

ज्या संचाचे हे परीक्षण आहे, तो डब्ल्यूचार डॉट एच या हेडरमध्ये मिळतो. असे रुंद अक्षर साठवणारा डब्ल्यूचार-टी हा प्रकार १९९० च्या सी प्रमाणातही, म्हणजे भाषेच्या अधिकृत नियमांतही, होता. परंतु वाइड स्ट्रिंगांवर चालणारी तुलनेची फंक्शने १९९५ च्या दुरुस्तीने आली. संचात पाच वस्तू आहेत: पूर्ण तुलनेसाठी डब्ल्यूसीएसकंप, पहिल्या काही अक्षरांपुरत्या तुलनेसाठी डब्ल्यूसीएसएनकंप, स्ट्रिंगचा शेवट दाखवणाऱ्या शून्यावर न थांबता ठरावीक संख्येइतकी अक्षरे पाहणारे डब्ल्यूमेमकंप, भाषेच्या रूढ क्रमाने तुलना करणारे डब्ल्यूसीएसकोल, आणि त्याच्यासाठी आधीच किल्ली तयार करून ठेवणारे डब्ल्यूसीएसएक्सफर्म. नावे उच्चारताना जीभ अडखळते, हे मान्य करूनच पुढे जावे लागते.

डब्ल्यूसीएसकंपची जमेची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखरच मोठी आहे. हे फंक्शन दोन्ही स्ट्रिंगांमधली मूल्ये जोडीजोडीने पाहत जाते, पहिला फरक सापडला की तिथेच थांबते, आणि दोन्हीकडे एकदमच शेवटचे शून्य आले तर शून्य परत करते. त्याला मेमरी मागावी लागत नाही, लोकेलशी, म्हणजे भाषा आणि प्रदेशानुसार बदलणाऱ्या नियमांशी, त्याचे देणेघेणे नाही, आणि एकाच प्रणालीवर त्याचे उत्तर आज एक व उद्या दुसरे असे कधी होत नाही. लिनक्सवरील ग्लिबसीसारख्या सी लायब्ररीत ते प्रोसेसरच्या रुंद रजिस्टरांचा उपयोग करून एका दमात अनेक अक्षरे तपासते, त्यामुळे वेगाविषयी तक्रार करण्यास मला कधी जागा मिळाली नाही. दोन स्ट्रिंगा मूल्यागणिक तंतोतंत सारख्या आहेत का, एवढाच प्रश्न असेल, तर याहून भरवशाचे साधन शोधत बसण्याचे कारण नाही.

परत मिळणाऱ्या मूल्याबाबत मात्र सावध राहावे लागते. प्रमाण फक्त चिन्हाची हमी देते: पहिल्या फरकाच्या जागी पहिल्या स्ट्रिंगचे मूल्य लहान असेल तर ऋण, मोठे असेल तर धन, दोन्ही स्ट्रिंगा सारख्या असतील तर शून्य. काही अंमलबजावण्या उणे एक आणि एक परत करतात, तर काही दोन मूल्यांमधला फरकच हाती देतात. म्हणून उत्तर उणे एकशी ताडून पाहणारा कोड एका यंत्रावर बिनबोभाट चालतो आणि दुसऱ्यावर गप्प बसून चुकतो. याहून वाईट म्हणजे ते उत्तर एका बाइटच्या चलात कोंबणे. २०१२ मध्ये मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेस प्रणालींत उघडकीस आलेली पासवर्ड तपासणीतील गंभीर त्रुटी याच जातीची होती. तिथे मेमरीतील बाइट ताडणाऱ्या मेमकंपचे उत्तर एका बाइटमध्ये साठवले जात होते, त्यामुळे शून्य नसलेले उत्तरही कधीकधी शून्य ठरत असे, आणि चुकीचा पासवर्ड पुन्हा पुन्हा देत राहिल्यास सरासरी २५६ प्रयत्नांत एखादा स्वीकारला जाई. तुलनेचे उत्तर इंट या पूर्णांक प्रकारातच ठेवावे आणि फक्त शून्याशी ताडावे, ही शिस्त वाइड स्ट्रिंगांनाही तितकीच लागू आहे.

आता एका चुकीकडे जरा जवळून पाहू, कारण ती मी स्वतः वारशात मिळालेल्या कोडमध्ये पाहिली आहे आणि ती सापडायला दोन दिवस लागले. जुन्या एका फंक्शनमध्ये कोणीतरी वाइड स्ट्रिंगचा पॉइंटर कॅर पॉइंटरमध्ये बदलून थेट स्ट्रकंपला, म्हणजे एकेका बाइटाच्या साध्या स्ट्रिंगा ताडणाऱ्या फंक्शनला, दिला होता. असे केल्यावर कंपायलर इशाराही देत नाही, कारण प्रकार बदलण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याने स्वतःहून घेतलेली असते. लिनक्सवर डब्ल्यूचार-टी चार बाइटांचा असतो. ‘क’ या अक्षराचे युनिकोड मूल्य, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीतील त्याचा क्रमांक, सोळा-आधारी पद्धतीत ०९१५ आहे. लहान बाइट आधी ठेवणाऱ्या यंत्रावर ते १५, ०९, ००, ०० असे मांडले जाते. स्ट्रकंप तिसऱ्या बाइटवरच्या शून्याला स्ट्रिंगचा शेवट समजते. परिणाम असा, की ‘क’ने सुरू होणारे सगळे शब्द एकमेकांसारखे ठरतात, आणि दुबार शब्द काढण्याच्या उत्साहात प्रोग्रॅम प्रत्येक अक्षराखाली एकच शब्द शिल्लक ठेवतो. ही चूक निदान लगेच डोळ्यांत भरते. विंडोजवर मात्र डब्ल्यूचार-टी दोन बाइटांचा असल्याने ‘काम’ या शब्दाच्या बाइटांत कुठेही शून्य येत नाही, तुलना बरोबर होते, आणि एकेका शब्दाच्या सर्व चाचण्या पार पडतात. पुढे यादीत ‘काम झाले’ आणि ‘काम केले’ अशा जोड्या आल्या, तेव्हा दोन्ही सारख्याच ठरू लागल्या. मधल्या मोकळ्या जागेचे मूल्य ००२० आहे, तिचा दुसरा बाइट शून्य आहे, आणि स्ट्रकंप तिथेच थांबत होते. देवनागरी मजकुरात ही चूक जितकी चांगली लपते तितकी रोमन मजकुरात लपत नाही. तिथे पहिल्याच अक्षराचा दुसरा बाइट शून्य असतो.

मेमकंपची गोष्ट त्याच घरातली आहे. समानता तपासण्यास ते चालून जाते, पण लहान-मोठे ठरवण्यास चालत नाही, कारण वर सांगितलेल्या मांडणीत ते प्रत्येक मूल्याचा सर्वांत कमी महत्त्वाचा बाइट आधी पाहते. डब्ल्यूमेमकंप ही अडचण दूर करते. डब्ल्यूसीएसएनकंपविषयी एवढेच सांगावेसे वाटते, की त्याला द्यायची संख्या अक्षरांची असते, बाइटांची नसते, आणि साइझऑफचे बाइटांतले उत्तर भागाकार न करता तसेच देणारे लोक अजूनही भेटतात.

ज्या तक्रारी या फंक्शनांच्या माथी मारल्या जातात, त्यांपैकी काही मुळात त्यांच्या नाहीतच. फाइलमधून ओळ वाचणाऱ्या एफगेटडब्ल्यूएसने वाचलेल्या ओळीच्या शेवटी नव्या ओळीचे चिन्ह तसेच राहते, म्हणून ती ओळ एखाद्या ठरावीक शब्दाशी ताडली तर उत्तर कधीच शून्य येत नाही. एकदा एका फाइलमधला फक्त पहिला शब्द काही केल्या जुळत नव्हता, बाकीचे हजारो जुळत होते. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब एक दिसत होते. डीबगरमध्ये पहिल्या घरात एफईएफएफ हे मूल्य दिसले आणि उलगडा झाला: फाइल तयार करणाऱ्या संपादकाने आरंभी बाइट-क्रमाची खूण ठेवली होती, आणि ती न दिसणारी खूण पहिल्या शब्दाला चिकटून आत आली होती. डब्ल्यूसीएसकंपने त्या दिवशीही अगदी खरे उत्तर दिले होते.

क्रम लावण्याचे काम त्याच्याकडून का काढून घेतले, ते आता सांगतो. युनिकोडमधील देवनागरीचा पट्टा बऱ्याच अंशी वर्णमालेच्या क्रमानेच मांडलेला आहे. व्यंजने आधी, मात्रा नंतर आणि हलन्त चिन्ह त्यानंतर, अशी त्यांची मूल्ये चढत जातात. म्हणून ‘कमळ’, ‘काम’, ‘क्रम’ हा क्रम डब्ल्यूसीएसकंप अचूक लावते. नेमकी हीच गोष्ट फसवी आहे, कारण नमुन्यादाखल दहा-वीस शब्द घेऊन पाहणाऱ्याला वाटते की काम झाले. मराठी वर्णमालेत ‘ळ’ची जागा ‘ह’च्या नंतर आहे, पण युनिकोडमध्ये त्याचे मूल्य ०९३३ असून ते ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसवलेले आहे. त्यामुळे ‘कावळा’, ‘कासव’, ‘काळ’ असा जो क्रम मराठी वाचक कोशात शोधेल, तो या फंक्शनच्या हाती ‘काळ’, ‘कावळा’, ‘कासव’ असा होतो. ‘ॲ’चे प्रकरण याहून मजेदार आहे. हे अक्षर एकसंध रूपात युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले, आणि तोवर आधीच्या जागा भरलेल्या असल्याने त्याला ०९७२ हे मूल्य मिळाले, म्हणजे ‘ह’च्याही पुष्कळ पुढचे. ‘ॲप’ हा शब्द या रूपात लिहिला तर तो यादीच्या तळाशी, ‘हौस’च्याही खाली जाऊन बसतो, आणि ‘अ’वर अर्धचंद्राची मात्रा देऊन लिहिला तर वर, ‘अ’च्या कुटुंबात येतो. वाचणाऱ्याला दोन्ही शब्द एकच दिसतात, आणि एकाच यादीत दोन टोकांना दिसतात.

‘तऱ्हा’ या शब्दावर मी अधिक वेळ घालवला. त्यातला अर्धा र तीन प्रकारे साठवला जाऊ शकतो: ०९३१ हे तयार अक्षर आणि पुढे हलन्त, साधा र, त्याला नुक्ता आणि मग हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचे जोडचिन्ह. बहुतेक फॉन्टांत तिन्ही एकसारखे उमटतात. डब्ल्यूसीएसकंपच्या दृष्टीने हे तीन वेगळे शब्द आहेत, आणि आमच्या यादीत ते तिन्ही निमूटपणे नांदत होते. यांपैकी पहिली दोन रूपे युनिकोडच्या नियमांनुसार समतुल्य आहेत, त्यामुळे तुलनेपूर्वी मजकूर प्रमाणित रूपात आणला तर ती एक होतात. तिसरे रूप त्या प्रक्रियेलाही दाद देत नाही, कारण जोडचिन्हाला कोणतेही समतुल्य रूप नाही. त्यासाठी आपला वेगळा नियम लिहावा लागतो. सी भाषेच्या प्रमाण लायब्ररीत मजकूर प्रमाणित रूपात आणण्याची काहीच सोय नाही. या संचातील सर्वांत मोठी उणीव मी हीच मानतो, कारण तुलना कितीही अचूक असली, तरी तुलनेपूर्वीची साफसफाई बाहेरून आणावी लागत असेल, तर संच अपुरा आहे.

डब्ल्यूसीएसकोल हे रूढ क्रमाने तुलना करण्याचे अधिकृत साधन आहे. ते चालू लोकेलमधील क्रमाची माहिती वापरते, अक्षरांना दिलेली वजने ताडून पाहते, आणि योग्य लोकेल बसवलेले असेल तर वाचकाला अपेक्षित क्रम देते. त्याची पहिली गैरसोय अशी, की प्रोग्रॅम सुरू होताना नेहमी ‘सी’ नावाच्या लोकेलमध्ये असतो, आणि सेटलोकेल बोलावल्याशिवाय वापरकर्त्याचे लोकेल लागू होत नाही. ‘सी’ लोकेलमध्ये डब्ल्यूसीएसकोलचे उत्तर सहसा डब्ल्यूसीएसकंपसारखेच येते. त्यामुळे सेटलोकेलची एक ओळ विसरलेला माणूस दोन्ही फंक्शने चालवून बघतो, फरक दिसत नाही, आणि ‘हे काही कामाचे नाही’ असा निष्कर्ष काढतो. मीही आधी तोच काढला होता. दुसरी गैरसोय म्हणजे सेटलोकेल सबंध प्रोग्रॅमचे लोकेल बदलते, म्हणून अनेक थ्रेड असलेल्या प्रोग्रॅममध्ये ते मध्येच बोलावणे धोक्याचे आहे. युनिक्ससारख्या प्रणालींसाठीच्या पॉझिक्स प्रमाणाने २००८ मध्ये लोकेल स्वतंत्रपणे हातात देता येईल असे फंक्शन पुरवले आणि विंडोजवरही त्याचे समकक्ष आहे, परंतु नावे वेगळी असल्याने मधे एक पातळ थर आपणच लिहायचा. तिसरी गैरसोय बारीक आहे: काही चुकले तर ते सांगण्यासाठी या फंक्शनकडे राखीव उत्तर नाही, म्हणून चुकीचा क्रमांक ठेवणारा एररनो आधी शून्य करून नंतर तो तपासावा लागतो. मी पाहिलेल्या कोडमध्ये हे करणारे फारच थोडे आहेत.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे हा क्रम कायमचा नसतो. २०१८ मध्ये आलेल्या ग्लिबसीच्या २.२८ या आवृत्तीने क्रमाची माहिती मोठ्या प्रमाणावर अद्ययावत केली, आणि जुन्या क्रमाने बांधलेले पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमधील मजकुराचे इंडेक्स पुन्हा बांधण्याची वेळ अनेकांवर आली. पडद्यावर दाखवण्यासाठी क्रम लावायचा असेल तर डब्ल्यूसीएसकोल योग्य आहे. तो क्रम डिस्कवर कोरून ठेवायचा असेल, तर नाही.

डब्ल्यूसीएसएक्सफर्म मला या संचातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत उपयुक्त वस्तू वाटते. ते एका स्ट्रिंगचे रूपांतर अशा किल्लीत करते, की दोन किल्ल्यांची डब्ल्यूसीएसकंपने केलेली तुलना मूळ स्ट्रिंगांच्या डब्ल्यूसीएसकोलने केलेल्या तुलनेइतकीच ठरते. दहा हजार शब्द क्रमाने लावताना साधारण सव्वा लाख तुलना होतात. डब्ल्यूसीएसकोल वापरले तर प्रत्येक तुलनेत दोन्ही शब्दांची वजने नव्याने काढली जातात, आणि किल्ल्या आधीच केल्या तर हे महागडे काम दहा हजार वेळाच होते. किल्लीची लांबी आधी कळत नाही, म्हणून एकदा शून्य क्षमता देऊन लांबी विचारावी, तीत शेवटच्या शून्यासाठी एक मिळवून जागा घ्यावी आणि मग खरी किल्ली काढावी. हा दुहेरी फेरा थोडा कंटाळवाणा आहे, पण त्यात गोम काही नाही. आमच्या यादीचा क्रम आता याच मार्गाने लागतो, आणि एरवी लोकेलशी फटकून राहणारे डब्ल्यूसीएसकंप इथे दुय्यम भूमिकेत चोख काम करते.

लहान-मोठ्या लिपीचा भेद विसरून तुलना करण्याची सोय मूळ सी प्रमाणात नाही. पॉझिक्समध्ये एका नावाने आहे, विंडोजवर दुसऱ्या. दोन्ही एकेक अक्षर बदलून पाहतात, त्यामुळे जर्मन भाषेतील एकाक्षरी तीक्ष्ण ‘एस’ आणि त्याचे मोठ्या लिपीतील ‘एसएस’ हे रूप त्यांना कधी एक वाटत नाहीत. देवनागरीत लहान-मोठी लिपीच नसल्याने आम्हाला यांची गरज क्वचितच पडली.

शब्द शोधण्याचे काम डब्ल्यूसीएसकंपकडून काढून घेण्याचे कारण मात्र भाषेचे नव्हते, डब्ल्यूचार-टीच्या रुंदीचे होते. यादी यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड मूल्ये एक ते चार बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत, साठवलेली, लिनक्सवर क्रमाने लावलेली. विंडोजवर ती वाचून वाइड स्ट्रिंगांत बदलायची आणि दुभागणी पद्धतीने, म्हणजे क्रमावर विसंबून दर वेळी अर्धी यादी वगळत, शब्द शोधायचा, अशी व्यवस्था होती. मराठी शब्द सगळे सापडत. पुढे यादीत इमोजी आणि पूर्ण रुंदीची रोमन अक्षरे आली, तेव्हा त्यांतल्या काही नोंदी डोळ्यांसमोर असूनही ‘नाही’ असे उत्तर येऊ लागले. हसऱ्या चेहऱ्याचे मूल्य १एफ६०० आहे आणि पूर्ण रुंदीच्या ‘ए’चे एफएफ२१. लिनक्सवर चार बाइटांत ही मूल्ये जशीच्या तशी बसतात, म्हणून चेहरा नंतर येतो. विंडोजवर दोन बाइटांत चेहरा मावत नाही. तो दोन घरांत विभागला जातो, आणि पहिल्या घरात डी८३डी हे मूल्य येते, जे एफएफ२१ पेक्षा लहान आहे, म्हणून चेहरा आधी येतो. दोन्हीकडचे डब्ल्यूसीएसकंप प्रमाणाला धरूनच वागत होते. प्रमाण सांगते की डब्ल्यूचार-टीची मूल्ये पूर्णांक म्हणून ताडावीत, आणि त्या पूर्णांकात काय भरावे हे प्रणालीवर सोडते. जीसीसी या कंपायलरला रुंदी कमी करण्याचा पर्याय देऊन ही तफावत मिटवता येईल असे एकाने सुचवले होते. तसे केल्यास आपला कोड दोन बाइटांच्या हिशोबाने आणि लायब्ररीतील डब्ल्यूसीएसकंप चार बाइटांच्या हिशोबाने चालते, तेव्हा तो सल्ला तिथेच सोडून दिला.

पर्यायांकडे पाहिले, तर यूटीएफ-८ मजकूर आणि साधे स्ट्रकंप ही जोडी या कामात सरस ठरली. यूटीएफ-८ ची रचनाच अशी आहे, की बाइटांची चिन्हविरहित, म्हणजे कोणताही बाइट ऋण न मानता, तुलना केली तरी युनिकोड मूल्यांचाच क्रम मिळतो, आणि स्ट्रकंप बाइटांना चिन्हविरहितच मानते. म्हणून दोन्ही प्रणालींवर उत्तर एकच येते. शोधाचे काम आता तिथे आहे. विंडोजचे स्वतःचे तुलनेचे फंक्शन समर्थ आहे, परंतु ते लहान, सारखे आणि मोठे यांसाठी १, २ आणि ३ परत करते, आणि अपयशासाठी ०. सवयीने शून्य म्हणजे समान असे लिहिणाऱ्याला ते हमखास तोंडघशी पाडते. आयसीयू ही लायब्ररी क्रम आणि प्रमाणित रूप या दोन्ही गरजा भागवते, मात्र तिची माहितीफाइल अवजड आहे आणि तिच्या आवृत्त्यांबरोबर क्रमही बदलू शकतो. २०११ च्या प्रमाणाने सोळा आणि बत्तीस बिटांचे निश्चित रुंदीचे अक्षरप्रकार दिले, तेव्हा रुंदीचा प्रश्न सुटेल असे वाटले होते; परंतु त्या प्रकारांच्या स्ट्रिंगांची तुलना करणारे एकही फंक्शन त्याबरोबर आले नाही. बत्तीस बिटांच्या स्ट्रिंगांसाठीचे तसे फंक्शन मी स्वतः लिहून ठेवले आहे. ते नऊ ओळींचे आहे, आणि त्यातल्या दोन ओळी दोन मूल्यांची वजाबाकी का केलेली नाही हे सांगणाऱ्या टिपेच्या आहेत.

दुबार शब्द काढण्याचे काम अजून डब्ल्यूसीएसकंपकडेच आहे. फक्त आता त्याच्या पुढ्यात येण्यापूर्वी प्रत्येक शब्दाला चिकटलेली बाइट-क्रमाची खूण आणि नव्या ओळीचे चिन्ह काढले जाते, त्याला प्रमाणित रूप दिले जाते, आणि ‘तऱ्हा’तल्या त्या तिसऱ्या र ला पहिल्या र च्या रूपात आणले जाते. हा बदल केल्यावर पहिल्याच फेरीत यादीतल्या दोन ‘तऱ्हा’ कमी झाल्या.